जुन्या तीन फेज मोटारीचा घरगुती विजेवर उपयोग

महाराष्ट्रातील बहुसंख्य खेड्यांत आज वीज दोन वाटांनी येते. घरे, दुकाने व रस्त्यांवरील दिवे यांना एका फेजची, सुमारे २३० व्होल्टची वीज मिळते. शेतीपंपांना तीन फेजची, सुमारे ४०० ते ४१५ व्होल्टची वीज मिळते. परंतु ती ठराविक तासांपुरतीच असते. दुसरीकडे, पुष्कळ शेतकऱ्यांच्या गोठ्यात अगर वळचणीला एखादी जुनी तीन फेजची मोटार पडून असते. ती कधी बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून आलेली असते, कधी भंगाराच्या दुकानातून वजनावर घेतलेली असते. अशी मोटार घरच्या विजेवर चालवून धार लावण्याचे ग्राइंडर, भोके पाडण्याचे ड्रिल किंवा उफणणीचा पंखा फिरविता येईल काय, असा प्रश्न गावपातळीवर काम करणाऱ्या बंधुभगिनींना वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाला सरसकट होकार किंवा सरसकट नकार देणे दोन्ही चूक होय. काही मोटारी थोड्या फेरबदलाने घरच्या विजेवर वर्षानुवर्षे चांगल्या चालतात. काही मोटारी कितीही खटपट केली तरी चालत नाहीत आणि त्या खटपटीत जळतात. कोणती मोटार कोणत्या वर्गातील आहे हे ओळखणे हेच यातील मुख्य काम आहे व ते बाजारातून कंडेन्सर विकत आणण्यापूर्वी करावयाचे असते. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावी, तसा कायदाच आहे. तथापि तारतंत्र्याने काय करावयास हवे हे मालकाला ठाऊक असल्याखेरीज काम नीट झाले की नाही हे त्याला कळणार नाही. प्रस्तुत लेख त्याकरिता आहे व तो २ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारींपुरताच मर्यादित आहे.

एका फेजवर मोटार का फिरत नाही?

तीन फेजच्या मोटारीच्या स्थिर भागात तारेच्या तीन स्वतंत्र गुंडाळ्या, म्हणजे वाइंडिंग, बसविलेल्या असतात. तीन फेजचे प्रवाह एकामागून एक, ठराविक अंतराने आपल्या कमाल मर्यादेस पोहोचतात. त्यामुळे मोटारीच्या पोटात चुंबकशक्तीचे जणू एक चाक सतत फिरत राहते व मधला फिरता भाग त्याच्यामागे ओढला जातो. मोटेच्या बैलांप्रमाणे येथे पुढे जाऊन मागे येणे नसते, तर रहाटाच्या बैलाप्रमाणे एका दिशेने अखंड फिरणे असते.

एकाच फेजवर जोडल्यास हे फिरते चाक निर्माण होत नाही. चुंबकशक्ती नुसती मागेपुढे हेलकावे खाते, मोटार जागच्या जागी घुमते, फिरत मात्र नाही; आणि मिनिट-दोन मिनिटांत तापून तिचे वार्निश जळू लागते. अशा वेळी पुलीला हाताने किंवा दोरीने झटका दिला तर ज्या दिशेला झटका बसला त्या दिशेला मोटार फिरू लागते, असा अनुभव अनेकांना आहे. तो खरा आहे. परंतु ही युक्ती कोणीही करू नये. पुलीत दोरी गुरफटून बोटे गेल्याची उदाहरणे ग्रामीण भागात नवीन नाहीत.

झटक्याचे काम कंडेन्सर करतो. मोटारीच्या दोन टोकांना घरची फेज व न्यूट्रल जोडली व तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून वीज दिली, तर त्या तिसऱ्या टोकाचा प्रवाह इतरांच्या थोडा पुढे सरकतो. तीन प्रवाह समान होत नाहीत, पण ते एकाच वेळी कमाल मर्यादेस न पोहोचल्यामुळे फिरते चाक कसेबसे तयार होते. युरोपात या जोडणीला स्टाइनमेट्झ या विद्युत् अभियंत्याचे (१८६५–१९२३) नाव दिलेले आहे. हे चाक तीन फेजच्या चाकाइतके गोल नसते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी. पुढे सांगितलेल्या सर्व मर्यादा तिच्यातूनच उद्भवतात.

नामपट्टीचे वाचन

मोटारीवरील पितळेची किंवा पत्र्याची पट्टी घासून स्वच्छ करावी व तिच्यावरील अश्वशक्ती (किंवा किलोवॉट), व्होल्ट, अँपिअर, दर मिनिटाचे फेरे आणि जोडणी या पाच गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. जोडणी कधी ‘स्टार’ किंवा ‘डेल्टा’ अशा शब्दाने लिहिलेली असते, कधी नुसत्या खुणेने : तीन पायांचे चिन्ह असल्यास स्टार, त्रिकोण असल्यास डेल्टा.

स्टार जोडणीत तीन गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र बांधलेली असतात. अशा मोटारीला ४१५ व्होल्टची वीज दिली तरी प्रत्येक गुंडाळीच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३, म्हणजे सुमारे २४० व्होल्टच येतात. तात्पर्य, गुंडाळी मुळातच घरगुती विजेच्या व्होल्टेजसाठी तयार केलेली असते, फक्त जोडणी वेगळी असते. ही जोडणी सोडवून त्रिकोणी, म्हणजे डेल्टा केली की प्रत्येक गुंडाळीला घरच्या विजेतून योग्य तेवढे व्होल्ट मिळतात.

डेल्टा म्हणून लिहिलेल्या ४१५ व्होल्टच्या मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिच्या प्रत्येक गुंडाळीला पूर्ण ४१५ व्होल्ट हवे असतात. तिला २३० व्होल्ट दिले तर व्होल्टेज निम्म्याहून थोडे अधिक राहते. परंतु मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्याने तो एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. कंडेन्सरमुळे होणारी घट त्यात मिळविली म्हणजे हाती काहीच राहत नाही. अशी मोटार घरच्या विजेवर चालविण्याचा विचार सोडून द्यावा.

आपल्याकडील मोटारींत सर्वसाधारणपणे २ अश्वशक्तीपर्यंत स्टार व ३ अश्वशक्तीपासून पुढे डेल्टा अशी प्रथा आढळते. लेखाची मर्यादा २ अश्वशक्ती ठेवण्याचे हे एक कारण. दुसरे असे की, याहून मोठ्या मोटारीचा सुरू होतानाचा ओढा घरच्या तारांना पेलत नाही. तथापि नुसत्या प्रथेवर विसंबून राहू नये, पट्टीच पाहावी. पट्टी हरवलेली असल्यास वाइंडिंग करणाऱ्या कारागिरास मोटार उघडून दाखवावी.

आणखी एक प्रकार क्वचित आढळतो. काही मोटारींवर ‘२२०/३८०’ किंवा ‘२३०/४००’ असे दोन आकडे असतात. त्यांपैकी लहान आकडा डेल्टाचा व मोठा आकडा स्टारचा असतो. अशी मोटार मिळाली तर ती या कामासाठी उत्तमच होय.

सहा टोके बाहेर काढणे

वरील पेटीचे झाकण उघडले असता सहा टोके दिसली तर काम सोपे आहे. पुष्कळ जुन्या लहान मोटारींत मात्र तीनच टोके बाहेर आणलेली असतात. उरलेल्या तीन टोकांची गाठ आतल्या आत, गुंडाळीच्या बाहेर आलेल्या भागात बांधून तिच्यावर स्लीव्ह चढविलेली व सुताने करकचून आवळलेली असते. ती शोधून, सोडवून, तिन्हींना नवी तार जोडून बाहेर आणावी लागते. जुने वार्निश ठिसूळ झालेले असते. टोक ओढताना शेजारची तार चिरली तर चांगली मोटार कायमची जाते. यास्तव हे काम घरी करू नये, वाइंडिंगच्या कारागिराकडून करवून घ्यावे. तो तारा सोडविण्यापूर्वी तो भाग हलकासा गरम करून घेईल, नंतर डाग देऊन, नवी स्लीव्ह चढवून व वार्निश लावून देईल. त्याचवेळी बेअरिंग तपासून वंगण बदलून घ्यावे, म्हणजे मोटार पुन्हा उघडावी लागणार नाही.

टोकांवर खुणा असल्यास गुंडाळ्यांचे आरंभ यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ व शेवट यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ असे लिहिलेले असतात. जुन्या मोटारींवर ए, बी, सी ही अक्षरे असतात. खुणा पुसल्या असतील तर प्रथम जोड्या लावाव्या लागतात. मीटरने किंवा दोन सेल व टॉर्चचा बल्ब घेऊन, ज्या दोन टोकांमध्ये बल्ब लागतो ती एका गुंडाळीची जोडी समजावी. तिन्ही जोड्यांचा ओहममधील रोध जवळजवळ सारखा यावयास हवा. एखादा बराच कमी आला तर ती गुंडाळी आतून जळालेली आहे, असे समजून पुढील खटाटोप थांबवावा.

जोडी लागली तरी तिच्यातील आरंभ कोणता व शेवट कोणता हे उरतेच, आणि येथेच बहुतेक घोटाळे होतात. एक गुंडाळी उलटी जोडली गेली तर मोटार कर्कश आवाज करते, जोर धरत नाही व तापते; आणि दोष मात्र कंडेन्सरला दिला जातो. खूण करण्याची सोपी पद्धत अशी : पहिल्या गुंडाळीच्या एका टोकाला यू-१ व दुसऱ्याला यू-२ असे आपणच नाव द्यावे. दुसऱ्या गुंडाळीला काट्याचा डी. सी. मीटर सर्वांत लहान मापावर लावावा. आता सेलचे धन टोक यू-१ ला व ऋण टोक यू-२ ला क्षणभर टेकवावे. टेकविताच मीटरचा काटा पुढे उसळला, तर मीटरच्या धन तारेला लागलेले टोक हा त्या गुंडाळीचा शेवट, म्हणजे व्ही-२. मागे गेला तर तो आरंभ. तिसऱ्या गुंडाळीचीही अशीच परीक्षा घ्यावी. सेल काढताना काटा उलट दिशेने हलतो. तिकडे लक्ष देऊ नये. आकड्यांच्या नव्या मीटरवर हा क्षणिक झटका नीट दिसत नाही, म्हणून काट्याचाच मीटर घ्यावा.

यानंतर यू-१ ला डब्ल्यू-२, व्ही-१ ला यू-२ आणि डब्ल्यू-१ ला व्ही-२ जोडले की डेल्टा पूर्ण होतो. ज्या पेटीत सहा खिळे दोन ओळींत असतात तेथे पितळेच्या तीन पट्ट्या आडव्याऐवजी उभ्या बसविल्या की हीच जोडणी होते. यू-१ ला फेज व व्ही-१ ला न्यूट्रल द्यावी. डब्ल्यू-१ ला कंडेन्सरचे एक टोक व कंडेन्सरचे दुसरे टोक फेजला किंवा न्यूट्रलला. मोटार उलटी फिरली तर कंडेन्सरचे हे दुसरे टोक फेजवरून न्यूट्रलवर, किंवा न्यूट्रलवरून फेजवर घ्यावे. फिरण्याची दिशा बदलते. अन्य काही करावे लागत नाही.

कंडेन्सर किती मोठा घ्यावा?

खेडेगावात कंडेन्सरचे माप पुष्कळदा डब्याच्या आकारावरून ठरविले जाते. ही पद्धत सर्वस्वी चुकीची आहे. २३० व्होल्टच्या डेल्टा जोडणीसाठी दर किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटारीला सुमारे २५, एक अश्वशक्तीला सुमारे ५० व दोन अश्वशक्तीला सुमारे १०५ मायक्रोफॅरड येतात. परंतु हा नियम पूर्ण ओझ्यासाठी आहे, आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या मोटारीवर पूर्ण ओझे कधीच टाकावयाचे नसते.

एक अश्वशक्तीच्या मोटारीचेच उदाहरण घेऊ. समजा, तिच्या पट्टीवर ४१५ व्होल्ट, स्टार, १.८ अँपिअर असे लिहिले आहे. डेल्टा केल्यावर तिच्या तारेतील मान्य प्रवाह १.८ गुणिले १.७३, म्हणजे सुमारे ३.१ अँपिअर होतो. आता २३० व्होल्टवर ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३.६ अँपिअर ओढतो, म्हणजे मान्य मर्यादेहून अधिक. ४० मायक्रोफॅरडचा मात्र २.९ अँपिअर. यास्तव या मोटारीला ३६ किंवा ४० मायक्रोफॅरडपासून सुरुवात करावी, यंत्रावर नेहमीचे काम चालू ठेवून टाँग टेस्टरने तिन्ही तारांतील प्रवाह मोजावा, आणि जोर अपुरा पडत असेल व प्रवाहाला वाव असेल तरच कंडेन्सर वाढवावा. दोन कंडेन्सर समांतर जोडले की त्यांच्या मापांची बेरीज होते, म्हणून ५० चा एक घेण्यापेक्षा लहान दोन घेणे सोयीचे पडते. कोणत्याही एका तारेत ३.१ अँपिअरहून अधिक प्रवाह जात असेल, तर मोटार हाताला गार लागत असली तरी ती जोडणी चुकीची समजावी.

रिकामी मोटार अधिक तापते, याचे अनेकांना नवल वाटते. त्याचे कारण हेच. ओझे कमी असते तेव्हा कंडेन्सर गरजेपेक्षा मोठा ठरतो. म्हणून काम संपताच मोटार बंद करावी, दुसरे पाते धारेला आणीपर्यंत ती फिरत ठेवू नये.

सतत चालणारा कंडेन्सर ४४० व्होल्ट ए. सी. चा, मोटार चालविण्यासाठी बनविलेला हवा. पंख्याचा किंवा रेडिओच्या दुरुस्तीतून निघालेला कंडेन्सर लावू नये. सुरुवातीच्या जोरासाठी मात्र निराळा, १०० ते १५० मायक्रोफॅरडचा ‘स्टार्टिंग’ कंडेन्सर लागतो. तो स्प्रिंगच्या बटणातून जोडावा, म्हणजे बटण दाबून धरले असेल तेवढेच सेकंद-दोन सेकंद तो काम करील. साध्या स्विचवर लावल्यास केव्हातरी तो बंद करावयाचा राहून जातो व फुटतो.

वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो. याचा झटका घरच्या विजेच्या झटक्याइतकाच घातक असू शकतो. याकरिता प्रत्येक कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये १०० किलो-ओहमचे, १ वॉटचे दोन रोधक एकापुढे एक जोडून कायमचे बसवावेत; मिनिटाभरात भार उतरतो. दोन-चार रुपयांची ही वस्तू बसविण्यास तारतंत्री अनेकदा टाळाटाळ करतात. मालकाने आग्रह धरावा. एवढे करूनही हात लावण्यापूर्वी मीटरने पाहून घ्यावे.

शक्ती किती उरते व ती कोठे वापरावी?

इतके सारे नीट केल्यावरही मोटारीची उपयुक्त शक्ती मूळच्या साठ ते सत्तर टक्केच उरते. एक अश्वशक्तीची मोटार पाऊण अश्वशक्तीलाही पोहोचत नाही. सुरू होतानाचा जोर तर त्याहूनही कमी असतो. स्टार्टिंग कंडेन्सरने तो थोडा सावरतो.

यावरून कोणती यंत्रे योग्य हे आपोआप ठरते. धार लावण्याचे ग्राइंडर, ड्रिल, उफणणीचा पंखा, लहान धान्य-चाळणी, सुताराचे लहान कातकामाचे यंत्र, ही रिकामी सुरू होतात व ओझे नंतर येते. त्यांना अशी मोटार चालते. पाण्याचा पंप, हवेचा कॉम्प्रेसर व पिठाची गिरणी यांना पहिल्या फेऱ्यापासून अगर थोड्याच वेळात पूर्ण ओझे पडते. त्यांना ती लावू नये.

कडबाकुट्टी यंत्राविषयी शेतकरी आवर्जून विचारतात. त्याचे जड चाक फिरू लागण्यास वेळ लागतो व ओल्या मक्याची जाड पेंढी एकदम आत गेली की मोटार बसते. २ अश्वशक्तीच्या मोटारीवर, हाताने थोडा थोडा चारा सरकवून, एक-दोन जनावरांपुरती कुट्टी होऊ शकेल. परंतु ज्याच्या दावणीला सहा-आठ जनावरे आहेत त्याने जुन्या मोटारीचा मोह सोडून एका फेजची नवी मोटार घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कंडेन्सर, स्टार्टर, कारागिराची मजुरी व तारा यांची बेरीज केली तर जुनी मोटार फुकट मिळूनही फारशी स्वस्त पडत नाही.

शक्ती पूर्ण हवी असेल तर अलीकडे मिळणारा एका फेजमधून तीन फेज करणारा ड्राइव्ह हा उपाय आहे. तो मोटार हळूहळू सुरू करतो, वेग कमी-अधिक करू देतो व पूर्ण शक्ती देतो. मात्र २३० व्होल्टचा ड्राइव्ह तीन फेजही २३० व्होल्टच्याच देतो, म्हणून सहा टोके काढून डेल्टा करणे येथेही चुकत नाही. ड्राइव्ह व मोटार यांच्यामध्ये कंडेन्सर मुळीच लावू नये. फार जुन्या, सुती आवरणाच्या गुंडाळीला ड्राइव्हचे तीक्ष्ण झटके सोसत नाहीत, हेही किंमत मोजण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

शेतीपंपाच्या कंडेन्सरशी गल्लत नको

शेतीपंपाच्या स्टार्टरजवळ तिन्ही फेजवर जो कंडेन्सर बसवावा असे सांगितले जाते, त्याचा या लेखाशी संबंध नाही. तो पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी असतो व तो असणे हितावह आहे. एक फेज गेली असता उरलेल्या दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप चालविण्याची जी पद्धत काही भागांत पडली आहे, ती मात्र निराळी व अपायकारक आहे. तेथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, ओझे पूर्ण असते आणि गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण एकाच बाजूने पडतो. एकाचा पंप चालतो, पण ट्रान्सफॉर्मर जळाला की साऱ्या शिवाराचे पाणी थांबते.

सुरक्षेची व्यवस्था

पडून राहिलेल्या मोटारीला वीज देण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगरने गुंडाळी व लोखंडी अंग यांमधील रोध पाहावा. तो १ मेगओहमहून कमी आल्यास मोटार ओलसर आहे. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून किंवा पेटीत तिच्याशेजारी १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून ती वाळवावी व पुन्हा मोजावे.

मोटारीच्या लोखंडी अंगाला स्वतंत्र अर्थिंगची तार हवीच. न्यूट्रललाच अर्थिंग समजून अंगाला जोडणे प्राणघातक आहे. न्यूट्रल कोठेतरी तुटली की सारी मोटार फेजवर येते, आणि ती चालू नसल्याने माणूस निःशंकपणे तिला हात लावतो. पाण्याचा नळही अर्थिंग नव्हे. घरच्या फळीपासून मोटारीपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार स्वतंत्र ओढावी, तिच्या आरंभी १० अँपिअरचा एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. मोटार सुरू होताना चालतानाच्या कित्येक पट प्रवाह घेते. बल्बच्या बटणावरून किंवा लोंबत्या जोडतारेवरून ती चालवू नये.

स्टार्टर लावल्याखेरीज मोटार वापरू नये. वीज गेली असता स्टार्टर आपोआप सुटतो व वीज परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटार सुरू होत नाही. खेड्यात वीज दिवसातून अनेकदा जाते व येते. साध्या स्विचवर चाललेले यंत्र वीज गेल्यामुळे थांबले, अडकलेला चारा काढण्यासाठी शेतकऱ्याने आत हात घातला आणि त्याच क्षणी वीज आली, तर काय होते हे लिहावयास नको. शेतीपंपाचा जुना स्टार्टर येथे वापरता येतो. परंतु त्याची नो-व्होल्ट कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते व घरच्या विजेवर ती ओढून धरत नाही. ती बदलून २३० किंवा २४० व्होल्टची घालावी. कॉइलऐवजी काडी अगर लाकडाची खुंटी खुपसून स्टार्टर दाबून ठेवू नये. ओव्हरलोड रिले तिन्ही तारांवर घेऊन डेल्टाच्या प्रवाहावर, म्हणजे वरील उदाहरणात ३.१ अँपिअरवर ठेवावा. फेज गेल्याबरोबर सुटणारा नव्या प्रकारचा रिले येथे तिन्ही प्रवाह असमान असल्यामुळे विनाकारण सुटतो. साधा रिले घ्यावा.

वीज कंपनीच्या कार्यालयात भार वाढल्याची नोंद करणे आवश्यक आहे. घरगुती जोडणीवर दुसऱ्यांची कामे मजुरीने करून देण्याचा विचार असेल तर जोडणीचा प्रकारच बदलून घ्यावा लागतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे, मंजूर केलेल्या कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरल्यास त्या वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. गावातील लोहार-सुतारांना ही गोष्ट आधी सांगणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कामच आहे.

जोडणी पूर्ण झाल्यावर मोटारीच्या अंगावर तेलरंगाने ठळक अक्षरांत ‘डेल्टा – फक्त २३० व्होल्ट’ असे लिहावे व त्याखाली कंडेन्सरचे माप आणि तारीख टाकावी. जुनी नामपट्टी तशीच राहिली तर पुढे केव्हातरी मोटार विकली जाते, नवा मालक पट्टीवरील ४१५ चा आकडा वाचतो आणि तिला शेतीच्या तीन फेजवर जोडतो. त्या वेळी प्रत्येक गुंडाळीवर मान्य व्होल्टेजच्या १.७३ पट व्होल्ट येतात व मोटार थोड्या मिनिटांत जळते. म्हणून जुन्या पट्टीवरील व्होल्टचा आकडा कानशीने खरडून टाकावा. अश्वशक्ती व फेरे यांचे आकडे मात्र राहू द्यावेत, बेअरिंग व पुली घेताना ते लागतात.